कोपऱ्यातला अंगठा

बाबा,

या खेड्यातल्या चित्रशिबिराला निघाले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "रिकामटेकड्यांचे धंदे! दुकानाच्या पाट्या रंगव, पोट भरेल."

महिनाभरात पट्टीने आखलेल्या रेघा विसरून आत्ता कुठे माझा हात सुटला होता. काल इथल्या अडगळीत एक जुनं चित्र सापडलं. म्हैस, तीही जांभळी! सही नाही, पण कोपऱ्यात, रंग वाळला का बघायला टेकवलेल्या अंगठ्याचा ठसा, मधोमध तुमच्या त्या जुन्या जखमेची रेघ. तुमचाच.

आणि लहानपणी मी काढलेली जांभळी गाय मात्र तुम्ही टराटरा फाडलीत, "असा रंग असतो का?" म्हणत. फसवलंत मला.

आज माझं चित्र पुरं झालं. नकळत कोपऱ्यात अंगठा टेकवला.

हे पत्र पाठवणार नाही. तुम्ही तरी कुठे सांगितलंत?

तुमचीच,
रिकामटेकडी