अपग्रेड कधी करायचं हे मला कळतं

४ ऑगस्ट २०२४, रविवार

कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्स सिस्टीमची नवी आवृत्ती येऊन तीन महिने झाले. हॉलमधल्या टीव्हीला जोडलेला माझा मीडिया कॉम्प्युटर तिच्याहून दोन आवृत्त्या मागे आहे. सौ. म्हणाली, मग टाका ना नवी. हिला वाटतं पडदे बदलण्यासारखं काम आहे. जाणती माणसं पहिल्या फटक्यात कधीच जात नाहीत. आधी उतावळ्यांना आपटू द्यायचं, चुका निस्तरल्या की आपण सावकाश जायचं. उगाच नाही टेलिफोन खात्यात अख्खी नोकरी काढली. अपग्रेड कधी करायचं हे मला कळतं.

९ ऑगस्ट

शेजारच्या करीमभाईंनी स्मार्ट टीव्ही घेतला. कुवेतला वीस वर्षं घालवली आणि शिकले काय, तर रिमोटशी बोलायला. म्हणाले, आत्माराम, तुम्हीपण घेऊन टाका हो, काही करायलाच लागत नाही. काही करायलाच लागत नाही, याचा या माणसाला अभिमान आहे! भिंतीवर हेर टांगून घेतलाय, पत्ता नाही. माझ्या मशीनमध्ये काय चाललंय ते मला एकट्याला कळतं. सौ. म्हणाली, तेच तर.

१८ ऑगस्ट

मनस्वीचा फोन. कोचीनजवळच्या तिच्या मर्चंट नेव्ही अकादमीत ३० नोव्हेंबरला पासिंग आउट. आईबाबांनी यायचंय. सौ. लगेच रेल्वेच्या गोष्टी करायला लागली, म्हणे रत्नागिरीतून बसलं की थेट तिथे उतरायचं. मी शांतपणे विचारलं, समारंभ ऑनलाइन दाखवणार का? दाखवणार. मग प्रश्न मिटला. मंडपात मागच्या खुर्चीत बसून लोकांच्या माना बघायच्या, की घरी मोठ्या पडद्यावर? शिवाय रेकॉर्डिंग. सौ. भाजी निवडायला आत गेली. पटलं असावं.

१ सप्टेंबर

सुधारलेली आवृत्ती आली. आता हरकत नाही. पण शनिवारी गणपती. आरत्या त्याच मशीनवर लागतात. सणाच्या तोंडावर चालत्या सिस्टीमला हात घालणारे अडाणी असतात.

२२ सप्टेंबर

पाहुणे गेले, घर मोकळं. अपग्रेडआधी बॅकअप हवा. बॅकअपच्या डिस्कमध्ये जागा नाही, कारण तिच्यात जुना बॅकअप. तो न तपासता पुसणं बेजबाबदारपणा. तपासायला बसलो. मनस्वीच्या शाळेतले व्हिडिओ निघाले. धावण्याची शर्यत, गॅदरिंग, परत शर्यत. एकातही मी नाही. साहजिक आहे, कॅमेरा माझ्याच हातात.

अपग्रेड राहिलं.

१२ ऑक्टोबर, दसरा

मुहूर्त उत्तम. कॉम्प्युटरला हळदकुंकू, झेंडू. सौ. म्हणाली, मग आज करूनच टाका. आज पुजलेल्या यंत्राला आजच कामाला जुंपायचं? हिच्या माहेरी काही शिकवलेलंच नाही.

माहेर म्हणजे पाली. तिथून हिचा भाऊ काशीराम सोनं द्यायला आला होता. खिळे आणि पाण्याचे पाइप विकतो. म्हणाला, भावोजी, चालतंय ना ते? मग कशाला उघडताय? अशा लोकांमुळे देश जिथल्या तिथे आहे.

३ नोव्हेंबर

अकादमीची लिंक आली. लावून बघितली. पडद्यावर आलं : तुमचा ब्राउझर फार जुना आहे. उद्धटपणा. सौ. मागे उभी राहून वाचत होती. तिने तीच लिंक फोनवर लावली, लागली. फोन! विड्याच्या पानाएवढा पडदा. पोरीचा समारंभ मी तसल्या काचेवर बघणार नाही.

१० नोव्हेंबर

सौ.ने परस्पर स्वतःचं आणि काशीरामचं तिकीट काढलं. म्हणाली, तुमचंही काढू का? म्हटलं, मी आलो तर रेकॉर्ड कोण करणार? बायकांना रडायचं तेवढं कळतं, जतन करून ठेवणं कळत नाही.

करीमभाई, मासूमाभाभी आणि आळीतल्या चारपाच जणांना ३० तारखेचं आमंत्रण दिलं. मुद्दाम. बघू देत खरी सिस्टीम काय असते.

२४ नोव्हेंबर

आज करणार होतो. मग विचार केला, आज केलं आणि आठवडाभरात नवा अपडेट आला, तर समारंभाच्या दिवशी सिस्टीम पुन्हा शिळी. मासळीसारखंच आहे, ज्या दिवशी खायची त्याच दिवशी आणावी. ३० ला सकाळी. हा विचार दुसऱ्या कोणाला सुचला नसता.

२८ नोव्हेंबर

दोघांना स्टेशनवर सोडलं. गाडी हलताना सौ. खिडकीतून म्हणाली, अहो, अजून चला, टीसीला विचारू. हसण्यावारी नेलं. काशीराम डबा उघडून बसलासुद्धा होता.

३० नोव्हेंबर, सकाळी ७

सुरू केलं. समारंभ साडेदहाला. वेळच वेळ.

८.३०

डाउनलोड पूर्ण. मधूनमधून इंग्रजीत काही विचारतंय. सगळ्याला होय म्हणतोय. आत्मविश्वास लागतो.

९.४०

वीज गेली. इन्व्हर्टरला मी हे मशीन जोडलेलं नाही, कारण त्याचा करंट अशुद्ध असतो.

१०

आली. काळा पडदा. डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ उघडझाप करतेय. बाकी काही नाही. आत बरंच काही चालू असणार.

१०.२०

मंडळी आली. मासूमाभाभींनी सांदणं करून आणली. सगळे खुर्च्यांवर बसून काळ्या पडद्याकडे बघतायत. करीमभाईंनी विचारलं, हे सुरू व्हायच्या आधीचं आहे काय? म्हटलं, हो.

१०.४०

करीमभाई उठले. म्हणाले, आत्माराम, पोर काय रोज पास होणार आहे? चला आमच्याकडे, लागलेलंच आहे. सगळे त्यांच्यामागे गेले. सांदणंही गेली. मी म्हटलं, पाच मिनिटांत चालू करून तुम्हालाच परत बोलावतो. मासूमाभाभी दारात थांबल्या. राहू द्या ना ते, भाऊ, चला, म्हणाल्या. माणसाने आपल्या घरात पाहुण्यासारखं वागवून घ्यायचं?

दुपारी १

पाच मिनिटं लांबली. करीमभाईंकडे गेलो. टीव्हीवर क्रिकेट. मासूमाभाभींचे डोळे लाल. म्हणाल्या, मनस्वीच्या आईने स्टेजवर जाऊन पोरीच्या खांद्याला पट्टी लावली, तेव्हा आम्हाला सगळ्यांना भरून आलं. कसली पट्टी ते विचारलं नाही. मान हलवली. घरी येऊन मनस्वीने ऑगस्टमध्ये पाठवलेलं अकादमीचं पत्रक पहिल्यांदा वाचलं. कॅडेटच्या एका खांद्यावरची पट्टी आईने लावायची, दुसऱ्या खांद्यावरची वडिलांनी.

म्हणजे दुसरी काशीरामने लावली. खिळे विकणाऱ्याने.

१ डिसेंबर, सकाळ

मनस्वीचा फोन. बाबा, दिसलं का सगळं? म्हटलं, एकदम स्वच्छ. मोठ्या पडद्यावर. रेकॉर्डही झालं. ती खूश झाली. म्हणाली, मी तुमच्यासाठी मुद्दाम कॅमेऱ्याकडे बघितलं होतं. म्हटलं, बघितलं ना, मीही इकडून हात केला. आणि काशीरामने पट्टी जरा तिरकी लावली, पण असो, त्याला कसली सवय.

ती म्हणाली, मामा स्टेजवर आलाच नव्हता, बाबा. आई म्हणाली, ती जागा तुमची आहे. दुसरी पट्टी मीच लावली, माझी मी.

मी म्हटलं, आवाज तुटतोय. तुटत नव्हता.

मग तिनेच विषय बदलला. विचारलं, ते अपग्रेड झालं का नीट?

म्हटलं, झालं. समोर काळा पडदा, आणि कोपऱ्यात ती पांढरी रेघ उघडझाप करत होती.