उकळून, साहेब

बाबा, काल माझं रक्त घेतलं. साखर बघायला. आता पोरी घरी येऊन रक्त नेतात. आलेली पोरगी विशीची असेल. तिने पिशवीतून प्लास्टिकची नळी काढली, तळाला पांढरी पूड आधीच घातलेली. मी विचारलं, "ही धुतेस कशात?" ती हसली. "आजी, ही धुवायची नसते. एकदा वापरली की टाकून द्यायची." मग म्हणाली, "घाबरू नका हां, मुंगी चावल्यासारखं होईल." मला कसली मुंगी! म्हटलं, तुझं काम कर नि चालू लाग, मला भाकऱ्या टाकायच्यात. ती गेली, पण भाकऱ्या काही टाकल्या नाहीत. पूड तीच. लॅबमध्ये आम्ही ती चिमटीने घालायचो. काल दुपारपासून ती नळी डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. माझी सातवी, तुमची चौथी. चुका काढायला कोणी नाही, ते बरंच आहे.

नवऱ्याने टाकलं नि मी परत आले तेव्हा तुम्ही कुणाजवळ रडला नाहीत, मला पण रडू दिलं नाहीत. आठवडा गेला नि म्हणालात, "चल, गाडीत बस." बर्फाची गाडी. मागे भुशात घातलेल्या लाद्या, खालून पाणी ठिबकतंय, नि पुढे मी तुमच्या शेजारी. रोज सकाळी कारखान्यातून निघालात की सरकारी दवाखान्याच्या मागच्या दाराला अर्धी लादी उतरवायचात, कारण तिथल्या लॅबचा फ्रिज चालला तर चालला. मग हर्णेला. संध्याकाळी तिथे मासळीचा लिलाव, बर्फ पोचला नाही तर कोळणी तुमच्या सात पिढ्या काढायच्या. लॅबमध्ये एक वयस्कर काका होते, तुम्ही त्यांना म्हणालात, "पोरगी कामाला वाघ हाय. घाई तेवढी करते." काका म्हणाले, "घाई मी काढतो तिची." असं मला काम लागलं. बाटल्या धुवायचं.

इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या. आधी सोड्याने घासायच्या, मग उकळायच्या, मग विजेच्या पेटीत सुकवायच्या, मग बूच. त्यातल्या काही पोलिसांच्या केससाठी वेगळ्या ठेवायच्या. अपघात झाला, मारामारी झाली, की हवालदार माणसाला घेऊन येणार, डॉक्टर त्याचं तोंड हुंगणार, सरळ रेषेत चालायला लावणार, मग रक्त. बाटलीत रक्त नासू नये म्हणून पूड, वर लाखेचं सील, नि दुसरा हवालदार ती बाटली खोक्यात घालून, खोकं मांडीवर घेऊन एस्टीने मुंबईला. तेव्हा आपल्याकडे रेल्वे नव्हती. मुंबईच्या सरकारी लॅबमध्ये रक्तात दारू किती, काय गोळ्या खाल्ल्या का, सगळं निघायचं. कागद यायला तीन-चार महिने. काकांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं, दारूच्या केसला हाताला स्पिरिट लावायचं नाही, साबणाच्या पाण्याने पुसायचं. सुईला नाही, बाटलीला तर नाहीच नाही. एकदा मी बाटली लवकर सुकावी म्हणून स्पिरिटने विसळली. स्पिरिट उडून जातं, माझा आपला हिशोब. काकांनी ती नाकाशी धरली नि कचऱ्याच्या डब्यात फेकली. "त्याने प्यायली नाय ती दारू तू पाजणार काय गो त्याला?" सगळ्यांसमोर. मला राग आला होता. एवढ्याशा वासाचं काय एवढं, असं वाटलं होतं.

त्या साली गणपतीला काका रजा टाकून गावी गेले. गौरीच्या दिवशी मी एकटी. पाऊस थांबत नव्हता, लाइट सकाळपासून गेलेली, पेटी बंद. घासून-उकळून झाल्या, पण सुकणार कशा? फडक्यावर पालथ्या घातल्या तर आतून तशाच ओल्या. दोनची एस्टी चुकली तर पाचची, नि घरी आई एकटी गौर आणणार. मी स्पिरिटची बाटली घेतली, एकेकीत थोडं ओतलं, हलवलं, काढलं, नि पावसाळी किडे पडू नयेत म्हणून लगेच बुचं बसवली. फळीवर ओळीने ठेवून दिल्या. दोनची एस्टी मिळाली. आई म्हणाली, "आलीस वेळेवर!" नि मला किती बरं वाटलं होतं.

गणपती पाण्यात गेले, बोटी परत बाहेर पडल्या, तुमची गाडी सुरू झाली. काका अजून आले नव्हते. त्या सकाळी अर्धी लादी आली नाही, हवालदार आला, नि त्याच्यामागे तुम्ही. शर्ट चिखलाने लाल. तुम्ही मला बघून हात वर केलात, काही नाही झालं असा. हातखंब्याच्या अलीकडच्या वळणावर एक दूधवाला सायकलवरून घसरला, तुम्ही ब्रेक दाबला, रस्त्यावर ओली माती, गाडी घसरतच त्याच्यावर गेली. त्याला वरच्या वॉर्डात नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "तोंड उघडा." तुम्ही म्हणालात, "उघडतो साहेब, पण विडीपलीकडं काय गावायचं नाय." डॉक्टर हसले. "दारूचा वास नाही" असं त्यांनी लिहिलं. फरशीच्या रेघेवरून तुम्ही सरळ चाललात, वळलात, परत आलात. मग डॉक्टरांनी सवयीने स्पिरिटचा बोळा उचलला. मी पटकन म्हटलं, "साहेब, स्पिरिट नको. दारूची केस आहे." ते थांबले. "बरोबर." नि तुम्ही हवालदाराकडे बघून म्हणालात, "बघा. आमच्या पोरीला कळतं." मी फुगले. फुगूनच फळीवरची पुढची बाटली काढली, पूड घातली, नि डॉक्टरांच्या हातात दिली. हात काही जड झाला नाही की काही नाही. मला गौरीचा दिवस आठवलासुद्धा नाही.

दूधवाला दोन दिवसांनी गेला. काका आले तेव्हा एवढंच म्हणाले, "स्पिरिट एवढं कसं उतरलं गो?" मी म्हटलं, सांडलं.

मुंबईचा कागद आला तो थंडीत. तुमच्या रक्तात दारू. थोडी नाही, चांगली भरपूर. तुमचा बाप माडी पिऊन पिऊन मेला म्हणून तुम्ही आयुष्यात थेंब तोंडाला लावला नाहीत, लग्नातल्या वरातीत लोक हसायचे तुम्हाला. तुम्ही घरी आलात, ओट्यावर बसलात. मग आईला हाक मारलीत. "अपघाताच्या आदल्या दिवशी तू मला काय दिलंस?" आई म्हणाली, "द्राक्षासव. सर्दी होती ओ तुम्हाला. दोन चमचे." तुम्ही म्हणालात, "शिशी आण." तिने आणली. वैद्याची शिशी, अर्धी उरलेली. तुम्ही हुंगलीत. "दारूच ही. तुझ्या दोन चमच्यांनी माझा घात केला." आई म्हणत राहिली, "औषध हाय ओ ते, पोरांना पण देतात." तुम्ही शिशी दगडावर फोडलीत. आईने काचा वेचल्या. मी बघत होते, नि खरं सांगते, त्या दिवशी मला वाटलं की तुम्ही खोटं बोलताय. मुंबईचं मशीन कशाला खोटं बोलेल? ड्रायव्हर माणूस, वाटेत कुठे थांबला, कोणाला ठाऊक. एक अख्खा दिवस मी तुम्हाला दारुडा समजले.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले, कपाट उघडलं, स्पिरिटची बाटली समोर. आणि समजलं. कसं समजलं काय समजलं, त्याची कथा करत नाही. समजलं.

सांगता आलं असतं. मी रोजंदारीवर, कायम करायची ऑर्डर येणार म्हणून सगळे सांगत होते. बर्फाच्या कारखान्याच्या शेठने तुम्हाला कामावरून काढलं होतं. घरात येणारा पैसा तेवढाच, माझा. मी स्वतःला हेच सांगत होते. कोर्टात जायच्या आधी डॉक्टर लॅबमध्ये आले. भला माणूस. त्यांना पण तो कागद खटकत होता. काका होते, मी होते. मला म्हणाले, "बाई, केसच्या बाटल्या कशा धुता तुम्ही?" मी म्हटलं, "उकळून, साहेब." "मग सुकवता?" "पेटीत." "नेहमी?" "नेहमी." काका माझ्याकडे बघत होते. ते काही बोलले नाहीत, त्यांना आणखी वर्षभराने पेन्शनीत जायचं होतं. डॉक्टरांनी मान हलवली नि कोर्टात जाऊन तेच सांगितलं. वास नव्हता हे पण सांगितलं. पण वास म्हणजे नाकाची गोष्ट, नि कागदावर आकडा. आपल्या वकिलाने द्राक्षासवाचं काढलं तर कोर्टात लोक हसले. दूधवाल्याची बायको पुढे बसली होती, ती नाही हसली. ती तुमच्याकडे बघत होती, दारू पिऊन आपला नवरा मारणाऱ्या माणसाकडे बघावं तसं. तो समज तिला पण मीच दिला. सहा महिने सजा झाली तुम्हाला, लायसन गेलं.

सुटून आलात तेव्हा तुमचे हात बघवत नव्हते. स्टिअरिंग धरणारे हात, करायचं काय त्यांनी? तुम्ही ओट्यावर बसून सुंभ वळायचात. लागत नव्हतं तरी वळायचात, कोपऱ्यात ढीग. रस्त्याने जाताना लोक विचारायचे, "काय ओ, सर्दी कशी हाय?" नि पुढे जाऊन हसायचे. तुम्ही रस्त्याने जायचं सोडलंत. आईशी बोलणं तर आधीच सोडलं होतं. तिने वाढलेलं जेवायचात, कारण दुसरं कोण वाढणार, पण चहा तिच्या हातचा घेतला नाहीत. तिने दिलेलं पातळ काही म्हणून नाही. मी कामावरून येईपर्यंत बिनचहाचे बसून राहायचात. मी आले की, "बाय, चहा टाक." आई चुलीशी बसलेली असायची, चूल पेटलेली असायची, नि मी चप्पल काढून तिच्या बाजूने हात घालून चहा टाकायचे. ती सरकून जागा द्यायची. अशी सहा वर्षं. माझी कायमची ऑर्डर आली, तेव्हा तुम्ही शेजारी साखर वाटलीत.

आई आजारी पडली ती आमच्याच दवाखान्यात. पोटात पाणी झालं होतं, उठणार नाही हे मला दिसत होतं. दुपारी जेवायच्या सुट्टीत तिच्या खाटेशी बसले नि सांगून टाकलं. गौरीचा दिवस, स्पिरिट, बुचं, डॉक्टर, सगळं. तिने ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे माझे दोन चमचे नव्हते?" मी म्हटलं, "नव्हते." तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "त्यांना सांगू नको."

"का?"

"मी चाललेच गो. माझ्यावर ऱ्हाऊ दे. मागे त्यांना तू एकटीच, तुझ्या हातचा तरी—"

मी म्हटलं, "बरं." तिचं बोलणं पुरं पण होऊ दिलं नाही. काका गेले, तरी घाई माझी कुणी काढली नाही.

ती गेल्यावर तुम्ही तीन वर्षं होतात. शेवटच्या पावसात एकदा ओट्यावर बसून तुम्ही म्हणालात, "तुझी आये माणूस बरी होती. तेवढे ते दोन चमचे घालायला नको होते तिने." नऊ वर्षांत तिच्याबद्दल तुम्ही पहिल्यांदा बरं बोललात. मी समोर उभी, कप हातात. बाहेर कोणी नव्हतं, घरात कोणी नव्हतं, नोकरी पक्की होती, भीती कसली म्हणून उरली नव्हती. मी म्हटलं, "चहा निवतोय, बाबा." तुम्ही घेतलात. फुंकून फुंकून प्यायलात नि म्हणालात, "गोड झालाय."

ही पोरगी उद्या साखरेचा कागद घेऊन येईल. जो आकडा असेल तो असेल. हे लिहिलेलं मी चुलीत घालणार आहे, उगाच कोणाच्या हाताला लागायला नको. पाठवायला पत्ता नाही म्हणून नव्हे. पत्ता असता तरी पाठवलं नसतं. तुम्ही माझ्या हातचा पण चहा घ्यायचं सोडलं असतंत.