तोंडानं न्हाई, नाडीनं व्हय

प्रिय पुजा,

हे पत्र सृष्टी आणून देईल. बहीण असली तरी अट घालूनच तयार झाली, 'दादा, आधी मला वाचून दाखव, मगच नेते.' वाचलं. दोन ओळी तिनं खोडायला लावल्या. म्हणाली, 'हे पिक्चरमधलं काढ.' म्हणून जे उरलंय ते तुला कोरडं वाटंल. वाटू दे.

औंदा आमची हळद लवकर निघाली. शिजवून अंगणभर वाळत घातलीय, माझे हात कोपरापर्यंत पिवळे आहेत. परवा वाळली हळद घासायचा, पॉलिशचा जुना ड्रम शेडातून बाहेर काढला आणि मला त्याच्याकडं बघवेना. तुला आठवत असंल, दोन वर्षांमागं ट्रॅक्टर बिघडला म्हणून हाच हाताचा ड्रम लावला होता. तांड्यावरून तुमच्या घरचे सगळे कामाला आले होते, सुट्टी म्हणून तूही. एका दांड्याला तू, दुसऱ्याला तुझा भाऊ देविदास. मी त्याला बाजूला सारलं, 'जा, तू पोती भर,' म्हणालो. मालकाच्या पोरापुढं तो काय बोलणार? कॉलेजात मला 'अरे' म्हणणारी तू, त्या दिवशी वावरात 'तुमी' म्हणत होतीस. तेवढ्यावरून मला कळायला पाहिजे होतं. मला भलतंच कळलं. दांडा वर येताना दोघांचा श्वास आत, खाली जाताना दोघांचा बाहेर. थोड्या वेळानं कोण कोणाच्या तालावर चाललंय तेच समजेना. मी म्हणालो, 'पुजा, आपला श्वास एक झाला बघ.' तू म्हणालीस, 'समोर म्हैस बांधा, तिचाबी होईल.' देविदास पोती भरता भरता फस्सकन हसला. मला वाटलं, लाजून बोलतेय.

पुढं प्राणिशास्त्राच्या तासाला सरांनी सांगितलं, समोरासमोर बसणाऱ्या, मिळून काम करणाऱ्या माणसांचे श्वास, काळजाचे ठोके एकमेकांच्या जवळ येतात. आई-लेकराचे येतात, दोस्तांचे येतात. मी तर हवेतच गेलो. आता शास्त्रसुद्धा माझ्या बाजूनं. सर पुढं काही सांगत होते, पण तेवढ्यात आपल्या वर्गातल्या मुन्नानं मागच्या बाकावरून तुला वही दिली आणि मी उठलो. उरलेला तास त्याची कॉलर धरण्यात गेला. त्याचा दात गेला, माझं कॉलेज गेलं. गावात मात्र मी छाती काढून सांगत फिरलो, पुजापायी सोडलं. तू कधी म्हणाली होतीस, सोड म्हणून?

मग बाळापूरचा फाटा. तुझ्या बसच्या वेळेला रोज मी तिथं गाडी लावून उभा. तू रस्त्याच्या पलीकडं जाऊन थांबायचीस, मी तिकडं यायचो. 'दिपक, माझ्या मनात तसलं काही न्हाई,' हे तू हळू सांगून बघितलंस, चिडून सांगून बघितलंस. शेवटच्या दिवशी मी तुझं मनगट धरलं. तुझी नाडी माझ्यासारखीच पळत होती, अगदी बराबर. सगळ्या फाट्याला ऐकू जाईल असं मी म्हणालो, 'तोंडानं न्हाई म्हणते, पण नाडी व्हय म्हणते.' टपरीवरची माणसं हसली. तू खाली बघत होतीस. त्याच संध्याकाळी मी देविदासला फोन केला, वरून त्याला ऐकवलं, 'तुझी बहीण कबूल करंना, पण तिचं काळीज माझ्याकडंच हाय.' दुसऱ्या दिवसापासून तू बसला आली नाहीस. मला वाटलं, रुसली.

मागच्या आठवड्यात सृष्टीला क्लासवरून गाडीवर आणत होतो. एका टेम्पोवाल्यानं कट मारला. मी त्याच्यामागं गाडी पळवली, आडवी लावली, नको नको त्या शिव्या दिल्या. बिचारा हात जोडून निघून गेला. परत निघालो तरी माझं काळीज धडधडत होतं. आणि पाठीवर दुसरं धडधडत होतं. सृष्टी मला चिकटून बसली होती, तिचा ठोका माझ्या ठोक्यावर पडत होता. मी म्हणालो, 'तुलाबी राग आला ना त्याचा?' ती म्हणाली, 'दादा, मला इथंच उतरव. मी पायी जाते. मला तुझीच भीती वाटून राहिली.'

आणि ती खरंच उतरली. दप्तर छातीशी धरून रस्त्याच्या कडेनं चालायला लागली. मी गाडी बंद केली आणि घरापर्यंत तिच्या मागं ढकलत आलो. सर त्या तासाला पुढं काय सांगत असतील, ते मला त्या रस्त्यावर कळलं. तुझी नाडी पळत होती, व्हय. काहून पळत होती, ते मी विचारलंच नाही.

काल सृष्टीनंच सांगितलं की माझ्या फोननंतर तुझं कॉलेज बंद केलं. पोरगी त्या पोरात अडकली, असं घरात ठरलं, आता पाहुणे बघणं चालू आहे. शेवटचं वर्ष होतं तुझं. हे ऐकून मी तसाच निघालो होतो. तुझ्या बापासमोर, पेमाकाकांसमोर उभं राहून सांगायचं होतं की पुजा मला दर वेळी न्हाईच म्हणाली, खोटं मी बोललो. देविदासनं मारलं तर मार खायचा, हात उचलायचा नाही, हेही ठरवलं होतं. गाडीला चावी लावली, तर सृष्टीनं ती काढून घेतली. 'तिला विचारलंस का?'

नव्हतं विचारलं. माझी गाडी तांड्यात शिरलेली बघून तुला आणखी काय ऐकावं लागंल, ते तुलाच ठाऊक. म्हणून आधी हे पत्र. मी येऊन सांगू, का फोनवर सांगू, का दुसऱ्या कुणाला पाठवू? का काहीच करू नको? फाट्यावर मी आता थांबत नाही, बाजाराला मागच्या रस्त्यानं जातो. तू सृष्टीपाशी एक शब्द दे. न्हाई म्हणालीस, तर न्हाई.

सृष्टीचा भाऊ,
दिपक