ताकदीच्या गोळ्या

माय, लातूरच्या त्या भाड्याच्या खोलीत तू रोज सकाळी दुधाच्या पेल्यासोबत माझ्या हातावर एक बारीक पांढरी गोळी ठेवायचीस, ती आज पुन्हा आठवली. माझं बारावीचं वर्ष. त्याच्या काही वर्षं आधी भूकंपात घर पडल्यावर आपण पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आलो आणि तिथंच, तुझ्या जुन्या लुगड्याच्या आडोशाला, मला पाळी सुरू झाली होती. पहिल्यापासून माझ्या अंगावरून फार जायचं. आठवडा उलटला तरी थांबायचं नाही, जिना चढताना चक्कर यायची. तू म्हणायचीस, चिंचा खातेस, उन्हात हिंडतेस, म्हणून. दवाखान्याचं नाव काढलं की तुला चार लोक आठवायचे. तरी मी डोळे मिटून तुझं ऐकायची, कारण मी डॉक्टर व्हावं म्हणून आबांना नि जनावरांना गावी सोडून तू माझ्यासाठी स्टोव्हवर भाकरी थापत होतीस. गोळी कसली म्हणून विचारलं तर म्हणालीस, "ताकदीची हाय. घे गुमान, अभ्यासानं वाळून गेलीस."

पाळीची तारीख टळली. क्लासातल्या पोरी म्हणाल्या, टेन्शननं लांबते. मला उलट बरंच वाटलं. फिजिक्सचा पेपर झाला, केमिस्ट्रीचा झाला, आणि दुसऱ्या दिवशी दुधासोबत गोळी आली नाही. बायोलॉजीच्या आधी मध्ये सुट्ट्या होत्या. पेपरच्या आदल्या दिवशी सुरू झालं ते असं, की पूर्वी कधी झालं नव्हतं. निम्मा पेपर लिहिते आहे, बाक ओला झालाय, उठायला जाते तर डोळ्यांपुढं अंधारी. पर्यवेक्षक बाईंनी माझीच ओढणी माझ्या कमरेला गुंडाळून मला बाहेर नेलं. संध्याकाळी आबा गावाहून आले. तू स्टोव्हपुढून मागं वळलीही नाहीस. "घाबरली पोरगी," म्हणालीस. "तिला न्हाई जमायचं ते." माझं डॉक्टर होणं तिथंच संपलं. आणि माय, मीसुद्धा ते खरं मानलं. वर्षानुवर्षं मी स्वतःला भित्री समजत आले.

लग्नानंतर नांदेडला, सासरच्या पहिल्या महालक्ष्म्यांत, जाऊबाईंनी माझ्या हातात गोळ्या ठेवल्या. सोवळ्याचा स्वयंपाक आहे, पाळी लांबव, म्हणाल्या. तुझ्या हातात दिसायचं तेच हिरवं पाकीट, त्याच बारीक पांढऱ्या गोळ्या. विसर्जनाला बंद केल्या आणि पाहुणे पांगताच सुरू झालं. तेव्हा उमगलं, दर महालक्ष्म्यांना तू स्वतः गुपचूप घ्यायचीस त्या याच गोळ्या. माझ्या परीक्षेलाही तोच हिशेब लावलास. मोठे पेपर उरकू द्यावेत, मग सुट्टीत येऊन जाईल. पण माझी पाळी तुझ्यासारखी नव्हती, आणि तुझ्याइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तुला जाब विचारावा, तर तू तोवर गेली होतीस.

आता माझी लेक लातूरलाच क्लासला आहे. तिचीही पाळी अशीच. मी तिला सरळ डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी किती सहज विचारलं! थायरॉईड, अंगातलं रक्त, अंडाशयातल्या गाठी, वजन, झोप, काळजी, मनानं घेतलेल्या गोळ्या, जखम झाली तर रक्त लवकर थांबतं का. कारणं पुष्कळ असतात, म्हणाल्या, आणि बहुतेकांवर औषध असतं. तुम्हाला कसं व्हायचं, असं मला विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं. लेक ऐकत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "आजीला माहीत होतं, तर तिनं आजोबांना खरं का नाही सांगितलं?" गोळ्या तू भल्यासाठी दिल्यास, हे मी कधीच मान्य केलंय. "घाबरली पोरगी" हे एक वाक्य मात्र गळ्याखाली उतरत नाही.

आबा अजून पाहुण्यांना सांगतात, पोरगी लई हुशार होती, पर ऐन वक्ताला घाबरली. परवाही सांगितलं. मी चहाचे कप उचलले आणि आत गेले. त्यांच्यासमोर तुला खोटं पाडायला अजून माझी जीभ रेटत नाही, आणि माय, मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.