धुऱ्यावरची बुरशी

माय, तू गेल्यावर आपल्या धुऱ्यावरची, वावराच्या बांधावरची माती मी पिशवीत भरून शहरात नेली. मी आता बुरशीवर काम करते. तुला हसू येईल. बी.एस्सी.ला असताना मी भाकरीचा तुकडा डब्यात झाकून ठेवला होता, त्यावर हिरवट लव आली होती. तू डबा उघडलास आणि नाकाला पदर लावलास. "शिकून राह्यली का घाण करून राह्यली व?" यातूनच औषधं निघतात, असं मी सांगत होते आणि तू राखेनं डबा घासत म्हणालीस, "मंग दवाखान्यात ठेव तिले, माह्या चुलीपाशी नोको."

कापसाच्या पऱ्हाट्या काढल्यावर वावरात राहिलेला एक खुंट तुझ्या पायात घुसला. हळद दाबून तू तशीच कामाला जात राहिलीस. महागावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तरी सूज मांडीपर्यंत चढली; मग यवतमाळ. तिथे इंजेक्शनं बदलत राहिली. एका सकाळी तरुण डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. "ताई, या जंतूवर आपल्याकडचं एकही औषध चालत नाही." मी आत येते. तू विचारतेस, "डाक्टर काय म्हणून राह्यला?"

"औषध बदलतो म्हणते."

"बदलू दे. मले घरी कधी नेतं?"

मी तुझे केस विंचरत बसते. त्याच आठवड्यात तू गेलीस.

त्या जंतूला मारणारी एखादी सापडेल म्हणून त्या मातीतल्या बुरशा मी एकेक करून वाढवल्या. बहुतेक निकामी निघाल्या. यंदा मात्र एकीनं करून दाखवलं. काचेच्या बशीत जंतूंचा पांढुरका थर, तुला घेऊन गेले त्याच जातीच्या जंतूंचा, आणि बुरशीच्या ठिपक्याभोवती स्वच्छ कडं. तिथे एकही जंतू जगला नव्हता. माझ्या मार्गदर्शक बाईंनी मला मिठी मारली. मी हात धुवायच्या निमित्तानं नळापाशी बराच वेळ उभी राहिले. पुढे त्या बुरशीतलं द्रव्य माणसाच्या पेशींवर तपासलं. त्यानं किडनीच्या पेशीही तशाच मारल्या. "विष आहे गं," बाई म्हणाल्या, "सोडून द्यावं लागेल."

तुला लिहिलेलं हे पत्र मी कुठल्या पेटीत टाकणार? तुला वाचता येत नव्हतं, आलेलं पत्र मीच वाचून दाखवायचे. पण एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही. त्या संध्याकाळी मला वाईट वाटलं, तसंच थोडं सुटल्यासारखंही वाटलं. ते औषध ठरलं असतं, तर तू दवाखान्यात तडफडत होतीस तेव्हा ते आपल्याच वावरात, तुझ्या पायाखालच्या मातीत होतं, हे मला जन्मभर सोसावं लागलं असतं.