फरशीतली पाठमोरी कपाशी

आज आधी आली सुचिता, हातात बोरांची पिशवी. मागून तिची आई गोजरबाई, दारातच चपला काढून उभी. सहा वर्षांनी आली, तरी "नसीमाबी, गुडघे कसे आहेत?" हेच आधी विचारलं. मला तिच्याकडे बघवलं नाही. त्या गेल्यावर लगेच कागद घेतला.

मी नसीमाबी मेहबूब खाँ, वय एकाहत्तर, राहणार नांदुरा, चौथी पास. डोकं ठिकाणावर आहे. दबाव आहे तो फक्त लाजेचा. हे माझं मृत्युपत्र.

एक. राहतं घर शरियतप्रमाणे मुलगा आमीर आणि मुलगी अलीजा यांना. आमीरने न्हाणीचं दार आता तरी बसवावं, बाप होता तेव्हापासून सांगते आहे.

दोन. शरियतप्रमाणे मला मर्जीनं देता येतो त्या एक तृतीयांश हिश्शातून, संगमरवरात नक्षी भरायची सगळी हत्यारं नात झेबा हिला. पोरीने परवा जास्वंदीची पाकळी कापून बसवली, सांध्यात नख शिरेना. मी दोन घरी सांगून आले, तिसऱ्या घरी चहा पिऊन दोनदा सांगितलं.

तीन. हे लिहायला जड जातं. २०१७ ला, बीटी कपाशी लावूनही गोजरबाईच्या वावरातली बोंडं अळीनं खाल्ली. तेव्हा ती आमच्या संगमरवराच्या कामावर फरशी घासायला आली आणि दोन महिन्यांत दगड कापायला शिकली. एका कापसाच्या जिनिंगवाल्यांच्या बंगल्यात हॉलच्या दोन्ही कडांना कपाशीची झाडं भरायची होती. पांढरं बोंड, हिरवं पान, पिवळं फूल, आणि सगळी झाडं दाराकडे वळलेली. त्यासाठी डाव्या कडेचा कागदी फर्मा, म्हणजे नक्षीचा नमुना, पालथा घालून दगड कापावा लागतो. मी गप्पांच्या नादात दोन्हीकडे सुलटाच घातला.

गोजरबाई म्हणाली, "बाई, हे झाड दाराले पाठ करून राह्यलं."

मी म्हणाले, "तू वावरातली, तुले दगडातलं काय समजते?"

सगळं बसवून, घासून झाल्यावर जिनिंगवाले दारात उभे राहिले. "ही कपाशी मले पाठ काऊन दाखवते?"

आमच्या ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गोजरबाईकडे बोट केलं. "फर्मा तिनं ठेवला."

तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाली, "हाव, माह्याच हातून झालं असंल."

ह्यांनी तिला त्याच दिवशी काढलं. त्यानंतर नांदुऱ्यात एकाही मिस्त्रीने तिला दगडाला हात लावू दिला नाही. हे वारले, तोवर मी त्यांनाही खरं सांगितलं नाही.

आता खामगावचा एक ठेकेदार तिला नक्षीच्या कामावर घ्यायला तयार आहे, पण म्हणतो, नसीमाबीचा शब्द आणा. तोच मागायला मायलेकी आल्या होत्या. मी बोरं खात बसले आणि म्हणाले, "विचार करून सांगते." कसला विचार?

तर लिहून देते की फर्मा मी ठेवला होता, चूक माझी, गोजरबाईचा हात चोख आहे. वरच्या हत्यारांतला बारीक कानशींचा डबा तिला द्यावा. झेबा, रुसू नको.

साक्षीला बोलावलेले शेजारचे वामनराव गुरुजी हे वाचून म्हणाले, "नसीमाबी, मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. तोवर तिनं वाट पाहावी का?"

मी पेन पुन्हा उचललं. मग हे जोडलं: कलम तीन माझ्या मरणासाठी थांबणार नाही. ठेकेदाराला फोन लावून, त्या दोघींसमोर मी स्वतः ते वाचीन.

सही: नसीमाबी मेहबूब खाँ
साक्षीदार: १. वामनराव गुरुजी २. जुनेद, किराणावाला
नांदुरा, जि. बुलडाणा. रविवार, ४ फेब्रुवारी २०२४

निरोप धाडला; गोजरबाई आणि सुचिता बुधवारी दुपारी येतो म्हणाल्या आहेत.