सुमनच्या कागदावरची माझी सही

देवळाली प्रवरा, मंगळवार संध्याकाळ

बोर्डिंगमध्ये सिस्टरची पाठ वळली की मी आणि सुमन एका ताटलीतला शिरा वाटून खायचो. पुढे एकाच शाळेत शिकवलं. तिच्या कर्जाला जामीनदार हवा होता, तेव्हा स्टाफरूममध्ये चहा पिता पिता मी सही केली. न वाचता. आम्ही शिक्षक एकमेकांचे असले कागद वाचतो कधी?

आज बँकेतले साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचं स्वतःचं काहीच थकलेलं नाही. पण तुम्ही जामीन आहात, त्यांचे हप्ते थकलेत. म्हणून तुमचाही क्रेडिट स्कोअर पडलाय. गृहकर्ज नाही मिळायचं."

सुमनला फोन केला. म्हणे, "अगं मार्था, तुला सांगायचं राहूनच गेलं बघ."

राहून गेलं. आणि मी चहा पिता पिता सही केली.

घरमालक महिनाअखेरपर्यंतच थांबणार, मग घर दुसऱ्याला विकणार. इतकी वर्षं भाडं भरलं, हेच घर घ्यायचं होतं. आता लेकीकडे पुण्याला, एका खोलीत.

तिथे सामान मावायचं नाही, म्हणून काय कुणाला द्यायचं ते लिहून ठेवते. शिलाई मशीन शेजारच्या शबानाला. वाजवायची पेटी चर्चला. कुंड्या ज्याला हव्या त्याला. लाकडी कपाट सुमनला. तिचं कधीचं मोडलंय. राग आहेच, पण ते दुसऱ्या कुणाला द्यायला हात पुढे होत नाही.